‘पोलवाल्यांना इंग्रज कळलाच नाही’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय: ब्रेक्झिटला (ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही, या मतदानाला) सगळे पोल, म्हणजे जनमत चाचण्या, तोंडघशी पडले, हजार जणांना विचारून साडेसहा कोटींचं मन कळत नसतं, आणि इंग्रज कधी बदलत नाही, गोरा तो गोराच. ज्यांची मुलं तिकडे शिकतायत ते आईबाप हे वाचून धास्तावतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ब्रेक्झिट. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायला कौल दिला. त्याआधीच्या महिनाभरात काही चाचण्यांत ‘राहा’ पुढे होतं, बऱ्याच चाचण्यांत ‘बाहेर पडा’. लढत अटीतटीची आहे हे आकडे सांगतच होते. ‘राहणारच’ असं धरून बसले ते सट्टाबाजार आणि चलनबाजार. त्यांचं खापर पोलवाल्यांवर का फोडायचं?

हजार जणांचं म्हणाल, तर शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण वरवरचं शीत दाबून खालचा भात शिजलाय म्हटलं तर फसगत होणार. २०१५ च्या ब्रिटनच्या संसदीय निवडणुकीत पोलचे अंदाज चुकले, ते नेमकं असंच झालं म्हणून. सर्वेक्षणतज्ज्ञ पॅट्रिक स्टर्जिस यांच्या चौकशी समितीने दाखवून दिलं की चाचण्यांच्या नमुन्यात लेबर पक्षाचे मतदार प्रमाणाबाहेर आले होते. चूक माणसं निवडण्यात होती.

‘इंग्रज बदलत नाही’ हे मात्र मला सगळ्यात खटकतं. ‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’ हे सर्वेक्षण १९८३ पासून चालू आहे आणि त्यातले काही प्रश्न चाळीस वर्षं तेच आहेत. त्याचं खरं मोल यातच आहे. एक प्रश्न समलिंगी संबंधांबद्दलचा. उत्तराला पाच पर्याय: नेहमीच चूक, बहुतेकदा चूक, कधीकधी चूक, क्वचितच चूक, अजिबात चूक नाही. १९८३ मध्ये ‘अजिबात चूक नाही’ म्हणणारे होते १७ टक्के, २०२२ मध्ये ६७. वाट सरळही नव्हती. एड्सच्या धास्तीत, १९८७ मध्ये, ‘नेहमीच चूक’ म्हणणारे ५० वरून ६४ टक्क्यांवर गेले होते. म्हातारी पिढी गेली म्हणून आकडा बदलला, हे अर्धंच खरं; त्याच पिढ्यांतल्या माणसांनीही वय वाढता वाढता मत बदललं. ‘पुरुषाने कमवावं, बाईने घर सांभाळावं’ याला १९८७ मध्ये ४८ टक्के होकार होता, २०२२ मध्ये ९.

खुद्द ब्रेक्झिटबद्दलही तेच. जानेवारी २०२५ च्या यूगॉव्ह या पोल घेणाऱ्या कंपनीच्या चाचणीत ५५ टक्के लोक म्हणाले, बाहेर पडलो ते चुकलं. बरोबर केलं म्हणणारे राहिले ३०.

आता ‘गोरा तो गोराच’. ‘खरा ब्रिटिश गोराच असतो’ हे विधान २००६ मध्ये १० टक्क्यांना पटत होतं, २०२० मध्ये फक्त ३. आपल्या मुलाने किंवा मुलीने वेगळ्या वंशात लग्न केलं तर चालेल म्हणणारे २००९ मध्ये ७५ टक्के होते, ते ८९ झाले. दोन्ही आकडे इप्सॉस या पोल कंपनीचे. विचारणाऱ्यासमोर माणूस थोडं गोड बोलतो, हे मान्य. पण कोणतं उत्तर लाजिरवाणं वाटतं, तेही काळाबरोबरच बदलतं.

स्थलांतराची चिंता वेगळी, आणि ती वरखाली होते. इप्सॉसच्या चाचण्यांत सप्टेंबर २०१५ मध्ये ५६ टक्के लोक तो देशापुढचा मोठा प्रश्न मानत होते, ब्रेक्झिटनंतर तो आकडा कोसळला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा ४८ वर चढला. ‘किती जण यावेत’ आणि ‘आपला कोणाला म्हणायचं’ हे दोन प्रश्न फिरत्या मजकुराने एकात कालवलेत. जानेवारी २०२४ पासून मास्टर्सला जाणाऱ्या बहुतेक मुलांना नवराबायको सोबत नेता येत नाही, तो नियम आला पहिल्या प्रश्नातून. तिथल्या वर्गात किंवा शेजारात आपल्या मुलीला कसं वागवतील याचं उत्तर शोधायचं, तर दुसऱ्या प्रश्नाचे आकडे बघावे लागतील.