धक्का आहे, रूळ नाही

कोल्हापूर–मिरज रोज ये-जा करणाऱ्या पासवाल्यांपैकी मी एक. गाडीत बसलं की बहुतेकजण डोळे मिटतात नाहीतर मोबाईल काढतात. मला खिडकी मिळाली की मी सायडिंगच्या, म्हणजे मुख्य लाईनीतून माल भरायला फुटलेल्या रुळांच्या, खुणा शोधत बसते.

वाटेतल्या एका स्टेशनात, फलाटापासून जरा फटकून, एक दगडी ओटा आहे. फलाटापेक्षा चांगला उंच, कडेचे दगड झिजून गुळगुळीत झालेले. त्याच्या पुढ्यात रूळ नाहीत, बाभळी वाढल्यात. नवख्याला वाटावं, कुणीतरी काम अर्धवट टाकून गेलंय. पण तो मालधक्का आहे. वॅगनची जमीन आणि ओट्याची कड एका पातळीत यावी, पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाला चढ चढायला लागू नये, म्हणून तेवढा उंच बांधलेला.

हे मला ठाऊक आहे, कारण आमचे दादा, म्हणजे माझे वडील, कोल्हापुरातल्या शाहूपुरीत एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौदे सकाळी व्हायचे आणि दुपारनंतर दादांची धक्क्यावर फेरी असायची. मी पाच-सहा वर्षांची असताना दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेले होते. बाकी फार आठवत नाही, पण वॅगनच्या दाराशी दाटलेला तो वास अजून नाकात आहे. गूळ, गोणपाट आणि तापलेलं लोखंड, तिन्ही एकात एक. फळ्यांच्या सांदीत पाझरलेल्या गुळाला माती चिकटून काळी, चिवट रेघ झालेली, आणि त्या रेघेवरून मुंग्यांची रांग. दादा पोती मोजायचे, रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, संख्या वहीत मांडायचे, दार ओढून घेतलं की तारेचं सील स्वतः हातानं ओढून बघायचे आणि मगच बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची रेल्वेची पावती, खिशात घालायचे. एकदा वळवाच्या पावसात माल भिजला, तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नव्हते. मालक वेगळा, पण जीव ह्यांचा तुटायचा.

आपल्याकडं रेल्वे आली तीच कोल्हापूर संस्थानाच्या पैशानं, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं. काम 1888 मध्ये सुरू झालं, 1891 मध्ये मिरजेहून कोल्हापूरला गाडी आली. अंतर सुमारे 47 किलोमीटर, मीटरगेज म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर, आणि गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वेकडं. पुढं 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली, तीही स्टेशनला खेटून. गुऱ्हाळातून बैलगाडीनं आलेला गूळ पेठेत उतरावा, सौदा व्हावा आणि तिथूनच वॅगनमध्ये चढावा. शाहूपुरीतल्या गल्ल्यांची आखणी बघताना हे डोक्यात ठेवलं की पेठेचं तोंड स्टेशनकडं का, ते आपोआप कळतं. जयसिंगपूरही तसंच, 1917 मध्ये लाईनीच्या कडेला आखून वसवलेलं गाव. माणसांची गर्दी नंतरची. आधी माल.

1971 मध्ये ही लाईन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, झाली. त्याआधी गुजरातला जाणारा गूळ, पुढचे रूळ रुंद असल्यानं, पुण्यात एका वॅगनमधून काढून दुसऱ्या वॅगनमध्ये भरावा लागे. ती उचलटाक गेली याचं दादांना फार कौतुक होतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत धक्काच ओस पडेल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल?

झालं असं. जुन्या चारचाकी बंद वॅगनमध्ये 20-22 टन माल मावायचा. एवढा माल मध्यम अडत्याही आठवड्याभरात जमवू शकायचा. म्हणजे एका अडत्यानं एक वॅगन मागायची, ती सायडिंगला लागायची, भरून झाली की पुढच्या मालगाडीला जोडायची. पण असा सुटा डबा वाटेत प्रत्येक यार्डात शंटिंगसाठी, म्हणजे डबे काढण्या-जोडण्यासाठी, थांबतो, दिवसच्या दिवस जातात. त्यामुळं 1980 नंतर रेल्वेनं सुट्या वॅगनी आवरत्या घेतल्या आणि पूर्ण रेकवर भर दिला. एक रेक म्हणजे चाळीसच्या वर वॅगनी, अडीच हजार टनांच्या घरात माल. खत, सिमेंट, धान्य, साखर यांना ते परवडतं. आजही मार्केट यार्डाजवळ रेल्वे गुड्सला रेक लागतो, तो अशाच मालाचा. एका दुकानाचा गूळ त्यात कुठं बसणार? त्याच्या दारात ट्रक आला आणि तो ट्रकचा झाला.

रेल्वेच्या हिशेबानं हे बरोबर असेल, मी नाही म्हणत नाही. पण माझं म्हणणं स्पष्ट आहे. आपण जे गमावलं ते नुसते रूळ नाहीत. एका वॅगनपुरता माल असणाऱ्यालाही रेल्वे दारात उभी करत होती, ते गेलं. वेळापत्रकात 'गुर मार्केट' (गुर म्हणजे गूळ) या स्टेशनचं नाव अजून आहे. स्टेशनच्या नावात गूळ राहिला आणि गाडीतून उतरला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात लाईनीच्या कडेला कुंपणात एक खांब दिसला. नीट बघितलं तर तो उभा गाडलेला जुना रूळ. अंगानं बारीक, आजच्या रुळाशेजारी पोरगेलाच. नारळाच्या शेंडीनं घासल्यावर उठावाची इंग्रजी अक्षरं वर आली आणि पुढं 60 हा आकडा. दर यार्ड (तीन फूट) लांबीला 60 पौंड वजनाचा, मीटरगेजला शोभणारा रूळ. साल गंजलं होतं, 19 च्या पुढचं काही लागेना. किती वेळ त्याला हात लावून उभी होते कोण जाणे. पुढं कुंपणाची भिंतही उगाच वळलीये, सरळ न्यायला जागा असताना. सायडिंग वळायचं तसं तिथं कुंपण वळलंय.

आता आपल्या कोल्हापूर स्टेशनचं रेल्वेच्या अमृत भारत स्टेशन योजनेत नूतनीकरण चाललंय. चांगलं व्हावं, सरकते जिने यावेत, आम्हा पासवाल्यांनाच त्याचा उपयोग आहे. पण लाईनीवर कुठंही जुन्या धक्क्याचा दगडी ओटा शिल्लक असेल तर तो जेसीबीखाली घालू नका. दहा मीटर तरी ठेवा. समोर त्या बारीक रुळांचा एक तुकडा टाका आणि मराठीत पाटी लावा, की इथून कोल्हापूरचा गूळ जायचा. खर्च काहीच नाही, फक्त कंत्राटदाराला आधी सांगायला हवं.

माझ्याकडं दादांची एक वही आहे, बिल्टी मात्र एकही उरली नाही. शाहूपुरीत, जयसिंगपुरात, रुकडीत कुणाच्या माळ्यावर जुनी रेल्वे बिल्टी, वॅगनचं लेबल, धक्क्यावरचा एखादा फोटो असेल तर खाली कमेंटमध्ये टाका. आणि धक्क्यावर हमाली केलेले कुणी आजोबा घरात असतील तर तेवढं कळवा. मी रविवारी येऊन भेटेन, वही घेऊन.