होड्या दिसल्या का हो?

दर नारळी पौर्णिमेला हेच! पहाटे पाचला बेळगाव सोडायचं, आंबोलीच्या धुक्यात गाडी रांगवत मालवण गाठायचं, आणि बंदरावर दिसतं काय? मोबाईल. नुसते वर धरलेले हात! १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, मग कुठे होड्या रंगवून, पताका-झेंडूंनी नटवून दर्याला नारळ द्यायचा हा दिवस. मला दिसली एका डोलकाठीची शेंडी. पुढचा गडी तर समुद्राला पाठ करून सेल्फीत दंग. "जरा सरका की हो," म्हटलं, तर म्हणतो, "काकू, व्हिडिओ पाठवतो." अरे, व्हिडिओच बघायचा तर टिळकवाडीत कुंदा खात बसले नसते का मी? सिंधुदुर्ग तेवढा दिसला. (तो १६६४ पासून जागचा हललेला नाही, म्हणून.)