गूळ औषध आहे का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार.

गोड सोडल्यावर माझं वजन कसं उतरलं आणि तब्येत कशी सुधारली, त्या लेखावर तुम्ही मनापासून आणि चांगलंच रागावून लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. कोल्हापुरात राहून गोडाविरुद्ध लिहिणं म्हणजे ऊसवाल्याच्या पोटावर पाय देणं. आपल्या बापजाद्यांनी जन्मभर गूळ खाल्ला आणि नव्वदी गाठली. साखर वाईट असेल, पण गूळ औषध आहे. वजन उतरलं ते मी कमी खाल्लं म्हणून, गोडाचा त्यात संबंध नाही. आणि प्रसादालाही नाही म्हणायचं तर सणवार करायचे कशाला?

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, "आमच्या मंडळींना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. त्यांनी साखर बंद करून गूळ धरलाय, ठणठणीत आहेत." बाकीचे मुद्दे राहू देत म्हटलं असतं, पण हे वाक्य वाचून गप्प बसवेना. म्हणून एवढं लांब उत्तर.

आधी गुळाचं बोलते, कारण ते माझ्या घरचंच आहे. माझं माहेर पन्हाळा तालुक्यातलं, वडिलांचं गुऱ्हाळ होतं. दिवाळी झाली की चुलवाण पेटायचं. चिपाडाचं जळण, वर ती मोठी काहिल, आणि रसाला उकळी आली की वर येणारी काळपट मळी. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी एकत्र धरायची आणि झाऱ्याने काढून टाकायची. पुढे रस आटत जायचा, वास बदलायचा, बुडबुडे जड व्हायचे. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा आणि बोटांत धरून गोळी बघायचा. गोळी जमली की काहिल वाफ्यात रिकामी. पाक थंड होत घट्ट व्हायला लागला की तो रव्यांसाठी, म्हणजे गुळाच्या ढेपांसाठी, भरायचा. आम्ही पोरं काकवीसाठी वाटी घेऊन उभी.

आता या सगळ्यात उसाच्या रसातून काय गेलं ते बघा. पाणी गेलं आणि मळी गेली. रसातली साखर कुठेच गेली नाही, ती आटून घट्ट झाली. म्हणून गुळात ८० टक्क्यांच्या वर साखरच असते. त्यातली बरीचशी साखरेच्या दाण्यातली तीच सुक्रोज, आणि काही भाग तिचेच फुटून सुटे झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. १०० ग्रॅम गुळात साधारण ३८० कॅलरी, १०० ग्रॅम साखरेत साधारण ४००. म्हणजे फरक नावालाच. पोटात गेल्यावर सुक्रोजचे ते दोन भाग व्हायचेच असतात, ते साखरेतून आले की गुळातून, हे आतड्याला कळत नाही. ग्लुकोज रक्तात जातं, फ्रुक्टोज बहुतेक यकृताकडे जातं, आणि रोज गरजेपेक्षा जास्त गेलं की यकृत त्याची चरबी करतं.

गुळात लोह असतं हे खरं आहे. पण हिशेब मांडू. दहा ग्रॅमच्या खड्यातून फार तर एक मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० साली सांगितलेली बाईची दिवसाची गरज आहे २९ मिलिग्रॅम. ती गुळातून भागवायची म्हटली तर पाव किलोच्या वर गूळ रोज खायला लागेल. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, हुलगा, मटकी, मांसाहार करणाऱ्याला मटणाची कलेजी यांतून लोहही मिळतं आणि साखरही वाढत नाही.

गुळाला चव आहे, सुगंध आहे, मातीचा गुण आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. शाहू महाराजांनी वसवलेली शाहूपुरीची पेठ या गुळावर उभी राहिली. पण अभिमान वेगळा आणि औषध वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा सांगितली, त्यात घातलेली साखर तर आहेच, शिवाय मध आणि फळांचा रसही धरला आहे. गुळाला तिथे वेगळी सवलत नाही. एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या आत. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम पडतं. पाच टक्के म्हणजे सहा छोटे चमचे, दिवसभराचे, सगळं धरून.

आमच्या घरात पाच माणसं आणि महिन्याची साखर सहा किलो यायची. भागाकार केला की माणशी रोज ४० ग्रॅम होते. त्यात गूळ नाही, बिस्किटं नाहीत, बेकरीची नानकटाई नाही, बाहेरचा चहा नाही, रंकाळ्यावर रात्री खाल्लेलं आईस्क्रीम नाही. साध्या ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा साखर असते. कोल्ड्रिंकच्या १०० मिलीत दहा-अकरा ग्रॅम. तुम्हीही वाण्याची यादी घेऊन एकदा एवढा भागाकार करून बघा, ही माझी खरोखरची विनंती आहे.

बापजाद्यांचं म्हणाल तर माझे आजोबाही गूळ खायचे. उन्हातून आले की तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा. पण त्याआधी त्यांची पहाटेपासून भांगलण झालेली असायची, उसाच्या मोळ्या डोक्यावरून बांधापर्यंत आणलेल्या असायच्या. तो खडा संध्याकाळच्या आत जळून जायचा. तालमीतल्या पैलवानाचंही तेच. बदामाची गोड थंडाई पिऊन तो हजारांनी जोर-बैठका मारतो, म्हणून त्याला ती पचते. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात जाणं बंद झालं आणि खुराक तसाच राहिला की त्याच अंगाचं काय होतं, हे कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत दिसतं. गोड नवं नाही, बसणं नवं आहे. आणि खड्याच्या जागी दिवसभर झिरपणारं गोड आलं, तेही नवंच.

वजनाबद्दल तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी बऱ्याच चाचण्या एकत्र करून २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष छापला. माणसांना साखर कमी करायला सांगून बाकी हवं ते खाऊ दिलं, तर वजन सरासरी पाऊण किलोच्या थोडं वर उतरलं. पण साखर काढून तेवढ्याच कॅलरीचं दुसरं पिठूळ अन्न दिलं, तर वजनात फरक पडला नाही. म्हणजे साखरेत वजन वाढवायची कुठली जादू नाही, कॅलरी मोजाव्याच लागतात. इथे आपण दोघे एका बाजूला आहोत.

पण काका, कमी खाणं जमलं कशामुळे, हा खरा प्रश्न. भाकरी, भात, आमटी, रविवारचं मटण, तांबडा-पांढरा यातलं मी काहीच सोडलं नाही. सोडलं ते चहातली साखर, बिस्किटं, बेकरी, कोल्ड्रिंक, रस. यातलं काहीही मी भूक लागली म्हणून खात नव्हते. दुपारी चार वाजले की हात डब्याकडे जायचा. साखर पिऊन पोट भरत नाही, रसाचा ग्लास रिचवला म्हणून कुणी रात्रीची एक भाकरी कमी खात नाही. पहिले काही आठवडे डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, ते लेखात लिहिलंच आहे. मग चार वाजताची ती ओढच विरघळली. नुसतं दूधही गोड लागायला लागलं. पाहुणे गेल्यावर उरलेले पेढे फ्रिजमध्ये असूनही आठवेनासे झाले, हे मला वजनकाट्यापेक्षा मोठं वाटतं.

आणि वजन हा त्यातला लहान भाग. वजन ७८ वरून ६७ वर आलं खरं, पण मी सुरुवात केली ती रिपोर्ट बघून. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ६.२ होतं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ५.७ ते ६.४ हा तो उंबरठा आणि ६.५ ला मधुमेह. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० च्या आत हवं ते २४० होतं, आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी. आता एचबीए१सी ५.५ आहे, ट्रायग्लिसराइड १३०, आणि पुढच्या सोनोग्राफीत चरबीचा उल्लेख नाही. कंबर ९४ सेंटिमीटर होती, ती ८२ झाली. भारतीय बाईसाठी मर्यादा ८० सांगतात, पुरुषासाठी ९०, तेव्हा अजून थोडं बाकी आहे. रोज संध्याकाळी चालते, त्याचाही यात वाटा आहे.

प्रसाद मी नाकारत नाही. अंबाबाईच्या देवळातला चिमूटभर प्रसाद तळहातावर घेते, तिळगुळाची वडी घेते, होळीला पुरणपोळी खाते, वर दूध-तूप घालून. जे नाकारते ते हळदी-कुंकवाला गेल्यावर चौथ्या घरचा गोड चहा. "एवढ्याशाने काय होतंय" म्हणून कप हातात दिला जातो, तेव्हा बिनसाखरेचा मागायला बाईला फार धीर लागतो. यजमानीणबाईंनी साखर वेगळ्या वाटीत ठेवली तर कितीतरी जणींची सुटका होईल.

आता उसाचं. शेतकऱ्याच्या पोटावर पाय, हा आरोप मला लागला, कारण माझे भाऊ आजही ऊसच लावतात. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली. कारखाना आता नुसत्या साखरेवर चालत नाही, इथेनॉल आहे, बगॅसवरची, म्हणजे चिपाडावरची, वीज आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आहे, त्यात उसाचा मोठा वाटा आहे. भावासाठी, वेळेवर बिलासाठी, काटामारीविरुद्ध, म्हणजे वजनातल्या चोरीविरुद्ध, भांडायचं असेल तर मी तुमच्या बरोबर रस्त्यावर बसते. पण उसाला भाव मिळावा म्हणून घरातल्या बायका-पोरांनी गोड खात राहायचं, हे मला पटत नाही.

गुळाच्या शेतकऱ्याचं नुकसान माझ्या लेखापेक्षा भेसळ जास्त करते. साखर मिसळून केलेला गूळ, रंग पिवळाधमक यावा म्हणून हायड्रोस पावडर मारलेला गूळ, यामुळे चोख गूळ काढणाऱ्याला भाव मिळत नाही, ही तक्रार गूळ उत्पादकच करत आलेत. मी वर्षाला थोडाच गूळ घेते, पण गडद रंगाचा, ओळखीच्या गुऱ्हाळावरचा, मागतील त्या दराने.

आणि शेतकरी या आजाराबाहेर आहे असं समजू नका. आयसीएमआरचा देशभरचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास माणसं उंबरठ्यावर आहेत. मधुमेह शहरात जास्त निघाला, पण उंबरठ्यावरच्यांचं प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळजवळ सारखं होतं.

आता काकूंविषयी. त्यांना मी भेटलेले नाही आणि मी डॉक्टर नाही. पण मधुमेहात साखरेच्या जागी गूळ धरणं म्हणजे पथ्य केल्यासारखं वाटतं आणि पथ्य होत नाही, म्हणून ते जास्त धोक्याचं. साखर खाणारा निदान मोजून खातो. "ठणठणीत आहेत" हे अंगावरून कळत नाही, वाढलेली साखर वर्षानुवर्षं दुखत-खुपत नाही आणि तेवढ्यात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायाच्या शिरा यांवर काम करत राहते. शेवटचं एचबीए१सी कधी केलं ते विचारा. तीन-चार महिन्यांपेक्षा जुनं असेल तर आता करून घ्या, सोबत लघवीतलं प्रोटीन आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

मात्र माझा लेख वाचून उद्यापासून गूळ एकदम बंद करू नका. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि खाण्यातलं गोड अचानक गेलं, तर साखर फार खाली जाऊ शकते. आधी गोळ्यांची पाकिटं आणि रोज किती गूळ जातो त्याचा अंदाज घेऊन डॉक्टरांकडे जा, गुळाचं लपवू नका, डोस त्यांना बदलू दे. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. आणि कधी दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं, शुद्ध असेल आणि गिळता येत असेल, तर त्या वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी रक्त तपासायचं, तरी कमी असेल तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. हे घरातल्या सगळ्यांना, नातवंडांनाही, माहीत असू दे.

रिपोर्ट आला की इथेच कळवा, नाहीतर ईमेल करा. आकडे काहीही असोत, मला कळायला हवेत.