विषयात टिकून राहावे कसे?

ज्या विषयाची पदवी घेतली त्याच विषयातून निवृत्त होणे हे सुशिक्षित माणसाचे आद्य कर्तव्य आहे, हे ज्ञान मला वयाच्या ४४व्या वर्षी, गेल्या पंधरवड्यात, एका फोनवरून झाले.

ज्या विभागात मी दोन वर्षे भूशास्त्र शिकलो, तिथल्या एका तरुण प्राध्यापकांचा तो फोन होता. माजी विद्यार्थ्यांनी आजच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावे असा कार्यक्रम त्यांनी आखला होता आणि माझे नाव कोणीतरी सुचवले होते. मी हरखलो. "सर, सध्या कशात आहात? खाणकाम की भूजल?" असे त्यांनी आदराने विचारले. मी विमा कंपनीत आलेल्या नुकसानीच्या दाव्यांच्या फायली तपासतो, असे मी सांगितले. त्यानंतर पलीकडे जी शांतता पसरली ती मोजायला घड्याळ पुरले नसते, भूशास्त्रीय कालगणनाच लागली असती. "मग जरा अडचण आहे, सर. आम्हाला विषयात टिकलेली माणसं हवी होती. मुलांपुढे चुकीचा संदेश जायला नको." मी बरे म्हटले. फोन ठेवता ठेवता त्यांना माझी दया आली असावी. "पण तुमचं बोलणं छान आहे," ते म्हणाले, "सूत्रसंचालन कराल का?"

तेव्हापासून मी चुकीचा संदेश म्हणून वावरत आहे. तुमच्यावर ही वेळ येऊ नये यासाठी, सूत्रसंचालकाचा जो काही अधिकार असतो त्या अधिकाराने, चार सूचना कराव्यात असे वाटले.

सर्वप्रथम, सतराव्या वर्षी प्रवेशअर्ज भरताना चाळिसाव्या वर्षीचे जग नीट पाहून घ्यावे. हे अवघड वाटत असेल तर निदान आज कशाला मागणी आहे ते पाहावे, असे वडीलधारे सांगतात. रिचर्ड फ्रीमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी नव्या अभियंत्यांच्या पगारांचा अभ्यास करून १९७६ मध्ये या सल्ल्याचे काय होते ते मांडून ठेवले आहे. पगार चढले की प्रवेशासाठी झुंबड उडते, ती सगळी झुंबड काही वर्षांनी एकदमच पदव्या घेऊन बाहेर पडते, बाजारात गर्दी होऊन पगार उतरतात, ते उतरलेले पाहून पुढची मुले त्या विषयाकडे पाठ फिरवतात आणि मग माणसे कमी पडू लागल्याने पगार पुन्हा चढतात. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचे प्रतिमान म्हणतात. यातला कोळी कोण हे ते शास्त्र सांगत नाही. माशी कोण, हे विचारायची गरज पडत नाही. तेव्हा सगळे ज्या वर्षी पाठ फिरवतील नेमक्या त्याच वर्षी तुम्ही प्रवेश घ्या आणि घरच्यांना हा आलेख काढून समजावा. मी स्वतः गेल्या वर्षी भाचीला "पण त्याला स्कोप काय?" असेच विचारले होते, हे येथे नमूद करून ठेवतो.

मंदीच्या वर्षी पदवी घेऊ नये.

नवोदितांसाठी असलेल्या जागेलाही तीन वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा तो जन्मतःच सोबत आणावा.

पदवीतले ज्ञान कामाला लागेलच, अशी हाव धरू नये. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्ये असे मांडले की, समोरचा उमेदवार कामाला कसा निघेल हे मालकाला आधी कळत नाही. म्हणून ज्याला नेटाने अभ्यास रेटता येतो तोच पदवीपर्यंत पोहोचेल, असे धरून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. आत काय शिकवले याच्याशी त्याला फारसे देणेघेणे असेलच असे नाही. या कामाबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मला जेव्हा विम्याच्या नोकरीसाठी बोलावले तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी माझ्या प्रबंधाचे फक्त शीर्षक वाचले, मान डोलावली आणि पुढचा प्रश्न टंकलेखनाच्या वेगाचा विचारला. त्या प्रबंधासाठी मी खडकाच्या चकत्या काचेवर चिकटवून घासत रात्रीच्या रात्री घालवल्या होत्या. चकती ०.०३ मिलिमीटर इतकी पातळ झाली की सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्‌झ फिकट करडा दिसू लागतो. तोवर घासायचे, आणि एक क्षण जास्त घासले तर खडक नाहीसा होऊन नुसती काच उरते. त्या मुलाखतीत माझी साधारण तशीच अवस्था झाली.

तरीही नोकरी मिळालीच, तर शिकलेले तिथे वापरू नये. मी वापरले. एका दाव्याच्या फायलीत आठ महिन्यांच्या निरनिराळ्या तारखांच्या अकरा पावत्या होत्या, सगळ्या एकाच पावतीपुस्तकातल्या. वरच्या कागदावर जोर देऊन लिहिले की खालच्या कोऱ्या कागदावर अक्षरांचे दाब उमटतात, हे कोणालाही ठाऊक असते. विद्यार्थिदशेतले दहापट मोठे दाखवणारे भिंग माझ्या खणात अजून आहे. ते घेऊन मी प्रत्येक पावती दिव्याखाली तिरकी धरली. मार्चच्या पावतीवर ऑक्टोबरच्या पावतीतली रक्कम खोलगट उमटलेली दिसली. म्हणजे मार्चची पावती लिहिली जाण्याआधीच ऑक्टोबरची लिहून झाली होती. थर जसे साचतात तसेच राहिले असतील तर खालचा थर जुना आणि वरचा नवा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवले होते. आणि क्रम उलटा दिसला तर तिथे काहीतरी उलथलेले आहे असे समजून शोध घ्यावा, हे दुसऱ्या. शोध घेतला. दावा फेटाळला गेला. साहेबांनी विचारले, हे कुठे शिकलात? मी म्हणालो, डोंगरात. ते हसले, आणि त्या वर्षीच्या माझ्या मूल्यमापनात 'कामाशी संबंधित शिक्षण' या रकान्यापुढे त्यांनी 'नाही' असेच लिहिले.

यानंतरची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या विषयातल्या थोर पुरुषांचे अनुकरण करावे. आमच्या विभागाच्या जिन्यात चार थोरांच्या तसबिरी लावलेल्या आहेत. दोन वर्षे मी रोज त्यांच्या नजरेखालून चढलो-उतरलो, त्यामुळे त्यांची ओळख करून देण्यापुरता तरी मला अधिकार आहे, असे मी धरतो.

पहिले निकोलस स्टेनो. खालचा थर जुना हा जो नियम मी आत्ता मिरवला तो यांचा, १६६९ मधला. हे शिकले वैद्यक. शवविच्छेदनात इतके तरबेज होते की गालातल्या लाळेच्या नलिकेला आजही त्यांचे नाव आहे. शार्कचे एक डोके कापायला मिळाले तेव्हा त्याचे दात पाहून, खडकांत सापडणारे तसेच दगड एके काळी खरोखरच दात होते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि तिथून ते खडकांत शिरले. बरे, शिरले तर तिथे तरी टिकावे? १६७५ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि दोनच वर्षांत बिशप. दुसरे जेम्स हटन, आधुनिक भूशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख प्रत्येक क्रमिक पुस्तकात होतो ते. हे आधी वकिलाकडे उमेदवारीला राहिले, मग वैद्यकाची पदवी १७४९ मध्ये घेतली, वैद्यकी एक दिवस केली नाही आणि शेती केली. शेतातली माती वाहून जाताना पाहणारा हा न झालेला डॉक्टर पृथ्वीच्या अफाट वयाचा विचार करू लागला. तिसरे चार्ल्स लायेल, तीन खंडांचा ग्रंथ १८३० ते १८३३ या काळात लिहून ज्यांनी हा विषय घडवला ते. शिक्षणाने आणि व्यवसायाने वकील. डोळे अधू, म्हणून कायद्याची बाडे वाचणे जड जाऊ लागले आणि ते दगड पाहू लागले. चौथे आल्फ्रेड वेगेनर. १९०५ मध्ये खगोलशास्त्रात डॉक्टरेट, त्यानंतर पोटापाण्याला हवामानशास्त्र, आणि १९१२ मध्ये भर सभेत सांगितले काय, तर खंड सरकतात!

यावर कोणी म्हणेल की, पहिल्या तिघांच्या काळी भूशास्त्र हा विषय आजच्यासारखा वर्गात शिकवला जात नव्हता, मग त्यांनी तो शिकावा कुठे? मान्य आहे. पण वेगेनर यांच्या काळी तो रीतसर शिकवला जात होता, पदव्या होत्या, प्राध्यापक होते, संस्था होत्या, आणि त्या सगळ्यांनी मिळून त्यांना काय ऐकवले? खंड कोणत्या बळाने सरकतात याचे पटणारे उत्तर वेगेनर यांच्यापाशी नव्हते, हा आक्षेप रास्त होता. परंतु त्या आक्षेपाच्या पाठीमागून जो दुसरा सूर लागत होता तो असा की, हा हवामानवाला, हा आमच्यातला नव्हे, याने आमच्या खडकांत का लुडबुड करावी? १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात ते वारले. समुद्रतळाचे पुरावे हाती येऊन १९६०च्या दशकात भूशास्त्रज्ञांना खंड सरकतात हे कबूल करावे लागले, आणि मग त्यांची तसबीर करून जिन्यात लावण्यात आली. 'आमच्यातला नव्हे' म्हणायचे, माणूस मेल्यावर चाळीस वर्षांनी हार घालायचा, आणि त्याच हाराखाली उभे राहून मला फोन करायचा की, सर, तुम्ही विषयात टिकला नाहीत! या चौघांपैकी एकालाही त्या कार्यक्रमाचे निमंत्रण मिळाले नसते. लायेल यांना वकिलीच्या जोरावर सूत्रसंचालन मिळाले असते.

मी स्वतःला वेगेनर समजतो असे नाही. मी फायली तपासतो. पण चुकीचा संदेश मी कसा?

ज्यांना अजून सूचना हव्या असतील त्यांनी एवढे करावे, की विषय सोडणारे आपण एकटेच आहोत असे समजून आयुष्यभर लाजावे. प्रौढांच्या कौशल्यांचे जे आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेतर्फे होते, त्याच्या २०२३ च्या फेरीत ३१ देश-प्रदेशांचा समावेश होता. त्यात काम करणाऱ्या तिघांमागे एकाहून अधिक जण शिकलेल्या क्षेत्राबाहेर काम करताना आढळले. एवढी माणसे एकाच वेळी वाट चुकत असतील तर पाट्या कोण लावतो, हे विचारायला हवे. कोणी विचारत नाही. उलट समारंभात भेटलेला प्रत्येक जण, ज्याने स्वतः आपली पदवी कपाटावरच्या पेटीत टाकलेली असते, तोच तोंडात घास असताना विचारतो, "मग एवढं शिकून काय उपयोग झाला?"

विभागातल्या सन्माननीय मंडळींनो, आमच्या वर्गात आम्ही २४ जण होतो. विषयात टिकले दोघे. त्यांतल्या एकाचा पत्ता तुम्हाला माहीत नाही आणि दुसऱ्याने तुम्हाला येत नाही म्हणून कळवले, म्हणून तर तुम्ही माझ्यापर्यंत आलात. उरलेल्या बावीस जणांत आळशी कोणी नव्हते. त्यांतली एक मुलगी आमच्यात पहिली आली होती. तिने चार वर्षे जागा निघण्याची वाट पाहिली, ज्या निघाल्या त्या सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर, आणि मग ती हिशेब लिहायला लागली. तिने विषय सोडला नाही. विषयात तिला बसायला खुर्ची नव्हती. आम्हाला प्रवेश देताना तुम्हाला ठाऊक होते की दर वर्षी २४ भूशास्त्रज्ञ कोणालाही नको आहेत. ते तुम्ही सांगितले नाही, कारण सांगितले असते तर वर्ग भरला नसता, आणि वर्ग भरला नसता तर तुमची स्वतःची खुर्ची गेली असती. हे मी समजू शकतो. पोट सगळ्यांना आहे. पण मग वीस वर्षांनी फोन करून टिकण्याचा हिशेब मला का मागता? तो तुम्ही द्यायचा आहे. मागच्या दहा तुकड्यांतला प्रत्येक विद्यार्थी आज काय करतो, ते नावे वगळून एका कागदावर लिहा आणि प्रवेशअर्जाला जोडा. हिशेबनीस इतके, शिक्षक इतके, विमेवाले इतके, घरी बसलेले इतके, विषयात इतके. मुले तो वाचूनही येतील. मी आलो असतो. मला दगड आवडायचे, अजून आवडतात. फक्त डोळे उघडे ठेवून आलो असतो, आणि दोन वर्षांत चकत्या घासण्याबरोबर आणखी एखादे कामाचे कौशल्य शिकून घेतले असते. ज्या मुलांपुढे चुकीचा संदेश जाईल अशी तुम्हाला भीती वाटते, त्यांतली बहुतेक माझ्याच वाटेने जाणार आहेत आणि त्या वाटेवर काय लागते हे सांगणारा एकही माणूस तुम्ही त्यांच्यासमोर उभा करणार नाही. दोन टिकलेले दाखवून बावीस लपवायचे, याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. माझ्या कचेरीत अशी फाइल आली तर मी ती दिव्याखाली तिरकी धरतो.

सूत्रसंचालनाबद्दल विचारले होतेत. त्या दिवशी मी मोकळा आहे. येणार नाही.