राक्षसाला इतकं गोड करू नका राजेहो

सध्या टीनएजर पोरींसाठी जी फँटसी पुस्तकं येऊन राहिली ना, त्यात राक्षस ही जमातच संपत चाललीय आणि मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. म्हणजे कव्हरवर असतो तो. शिंगं असतात, पंख असतात, वय पाचशे वर्षं, हातून शेकड्यानं माणसं मेलेली. पण पन्नासाव्या पानावर कळतं की लहानपणी त्याच्यावर फार अन्याय झाला होता, दीडशेव्या पानावर तो शर्ट काढतो, आणि पुस्तक संपेपर्यंत आपली सतरा वर्षांची हिरॉईन त्याला पार सुधरवून टाकते. मेलेल्या माणसांचं काय झालं ते कोणी विचारत नाही, त्यांच्या घरचे लोक तर पुस्तकात नसतातच.

नाकं मुरडून नाही बोलत हां मी. माझी भाची अकरावीत आहे, ती नागपूरच्या सीताबर्डीवरून सेकंडहँडमधे असले ठोकळे घेऊन येते आणि तिचं झालं की मी वाचते, रात्री दोन दोन वाजेपर्यंत वाचते. मजा येते. पण पुस्तक मिटवलं की दिवा बंद करताना हात थांबत नाही. घाबरायला म्हणून घेतलेल्या पुस्तकानं घाबरवलंच नाही तर काय उपयोग बाप्पा.

भाची म्हणते, मावशी तू जुन्या जमान्यातली आहेस, पूर्वी राक्षस म्हणजे नुसता काळा आणि हिरो म्हणजे नुसता पांढरा असायचा, आता लेखक दोन्ही बाजू दाखवतात. इथंच माझं तिच्याशी भांडण आहे, कारण पूर्वी असं नव्हतंच.

1816 चा उन्हाळा घ्या. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेनं युरोपचं हवामान पार बिघडलेलं, जून महिन्यात थंडी आणि पाऊस. जिनिव्हाच्या तलावाकाठी एका बंगल्यात कवी बायरन, त्याचा तरुण डॉक्टर पोलिडोरी, कवी शेली आणि पुढे त्याची बायको झालेली मेरी असे सगळे अडकून बसलेले. बायरन म्हणाला, प्रत्येकानं एक एक भुताची गोष्ट लिहा. मेरी तेव्हा 18 वर्षांची होती, म्हणजे आमच्या भाचीहून थोडीच मोठी. त्या पावसातून दोन राक्षस निघाले. पोलिडोरीची व्हॅम्पायरची गोष्ट पुढे 1819 मधे छापून आली आणि आज आपण ज्या देखण्या, खानदानी, गूढ व्हॅम्पायरवर मरतो त्याचा खापरपणजोबा म्हणजे हा लॉर्ड रूथवेन, जो खुद्द बायरनवरूनच उचललेला आहे असं वाचणाऱ्याला लगेच कळतं. आणि तो शेवटी काय करतो? हिरोच्या बहिणीशी लग्न करतो आणि तिचं रक्त पिऊन निघून जातो. बस. सुधारत बिधारत नाही. 2005 मधे 'ट्वायलाइट' आलं, त्यातला व्हॅम्पायर उन्हात हिऱ्यासारखा चमकतो. पणजोबानं पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

दुसरा राक्षस मेरीचा. 'फ्रँकेन्स्टाइन', 1 जानेवारी 1818 ला लेखिकेचं नाव न टाकता छापलेलं. पिक्चरमधला तो मानेत बोल्ट ठोकलेला, हुं हुं करणारा ठोंब्या डोक्यातून काढून टाका. पुस्तकातला तो प्राणी बोलतो, आणि काय बोलतो! व्हिक्टर नावाचा संशोधक त्याला बनवतो आणि त्यानं डोळे उघडले की घाबरून खोलीतून पळून जातो, नावसुद्धा ठेवत नाही. मग हा एकटा जंगलात भटकतो, एका गरीब घराच्या बाजूच्या खोपटात लपून भिंतीच्या फटीतून त्या माणसांना बघत बघत भाषा शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं आणून टाकतो, मिल्टनचं काव्य वाचतो. त्या घरातला म्हातारा आंधळा आहे म्हणून तो एकटा असताना हिंमत करून त्याच्याशी बोलायला जातो, म्हातारा खूप मायेनं बोलतो, आणि तेवढ्यात मुलगा येतो न् ह्याला काठीनं झोडपतो. मी ते प्रकरण वाचलं तेव्हा रडली होती, आजही वाचू शकत नाही सरळ.

आणि तोच प्राणी पुढे व्हिक्टरच्या छोट्या भावाचा गळा दाबतो. लहान पोर! वरून आळ येतो जस्टिन नावाच्या बिचाऱ्या मोलकरणीवर, तिला फाशी होते, कारण त्यानंच मेलेल्या पोराच्या गळ्यातलं लॉकेट ती झोपलेली असताना तिच्या खिशात सरकवलेलं असतं. हे रागाच्या भरात नाही झालेलं, विचार करून केलेलं आहे. मेरी तुम्हाला त्याच्यासाठी रडवते आणि मग हे दाखवते आणि कुठंच म्हणत नाही की आता त्याला माफ करा. दोन्ही बाजू दाखवणं म्हणजे हे. आताचे लेखक काय करतात, राक्षसाचं दुःख सांगतात आणि त्यासोबत जस्टिन गोष्टीतून काढूनच टाकतात, म्हणजे आपल्याला प्रेम करायला त्रास नको.

ह्याच्या उलट 'ड्रॅक्युला', 1897. सगळी गोष्ट डायऱ्या, पत्रं, तारा ह्यांतून सांगितलेली, आणि एका चिठ्ठीशिवाय त्यात ड्रॅक्युलाचं स्वतःचं काही नाही. त्याची बाजू शून्य. सुरुवातीचे वाड्यातले दिवस सोडले तर तो फारसा दिसतही नाही, तरी भीती कायम. त्यात मला हिरो कोण वाटते तर मिना. तलवार नाही की जादू नाही, ती सगळ्यांच्या डायऱ्या टाइपरायटरवर टाइप करून तारखांप्रमाणे लावते, रेल्वेचं टाइमटेबल तिला पाठ, आणि त्या कागदांवरूनच तो सापडतो. हिरो कशाला म्हणायचं तर अशा कामाला, नाहीतर आताच्या हिरॉईनला सोळाव्या वाढदिवसाला एकदम कळतं की ती हरवलेली राजकन्या आहे. हॅरी पॉटरला मी ह्यातून सोडते, निवडलेला असला तरी त्या राक्षसाच्या, व्होल्डेमॉर्टच्या, आत्म्याचा तुकडा त्याच्या आतच आहे आणि तो संपवायला त्याला मरायच्या तयारीनं जंगलात चालत जावं लागतं. त्याची किंमत भरलीये त्यानं.

तसं आपल्याकडे काय कमी आहे. वेताळ पंचविशी आठवा, राजा मसणातून प्रेत उचलतो आणि आतला वेताळ खांद्यावर बसून त्याला कोडी घालतो, राजा बोलला की वेताळ उडाला झाडावर. शेवटी त्याला सावध कोण करतं? वेताळच. कापायला बसलेला असतो तो भिक्षू, ज्याच्यासाठी राजा रात्रभर राबला. राक्षस मित्र झाला तरी शेवटपर्यंत प्रेतातच राहिला, त्याला कोणी गोरा गोमटा नाही केला.

आणि नागपूरच्या माणसाला राक्षस कसा बनवतात हे शिकवायची गरज नाही, आपण दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बनवतो. मारबत म्हणजे मिरवणूक काढून जाळायचा बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे महागाईचे न् भ्रष्टाचाराचे बडगे, तेही पुतळेच, ईडा पिडा घेऊन जा गे मारबत, महाल, इतवारी, सगळं जुनं नागपूर रस्त्यावर. काळीला कोणी पूतना म्हणतं, कोणी म्हणतं ही बाकाबाई, नागपूरच्या राजांच्या, भोसल्यांच्या घरातली, जी इंग्रजांना मिळाली. आता बघा, नोव्हेंबर 1817 मधे इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई हरलो, 1818 मधे त्यांनी अप्पासाहेब भोसल्यांना गादीवरून काढलं, लहानग्या रघुजीला बसवलं आणि त्याची पालक म्हणून बाकाबाई. कारभार खरं म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्सच्या हातात. मेरीचं पुस्तक लंडनात छापून आलं तेच हे साल. बाई खरंच फितूर होती की हरलेल्या घराचं सगळं खापर एका बाईवर फुटलं, ह्यावर इतवारीत आजही दोन मतं ऐकायला मिळतात. पिवळी मारबत चांगली, रक्षण करणारी मानतात, पण शेवटी दहन दोघींचंही होतं, हे मला लहानपणापासून समजलेलं नाही न् फार आवडतं.

ह्यावर कोणी पोरांसाठी कादंबरी काहून नाही लिहिली? धारपांनी, मतकरींनी घाबरवलं आपल्याला, पण ते मोठ्यांसाठी. मला महालातला पडका वाडा पाहिजे, पंधरा वर्षांची पोरगी पाहिजे जिच्या घरात पिढ्यान् पिढ्या मारबत बांधतात, आणि एका रात्री अर्धवट बांधलेल्या पुतळ्यानं तिला विचारावं, माझं नाव कोणी ठेवलं. बाईनं फितुरी केलेली असावी. तिला कारणंही असावीत. आणि सीताबर्डीवर मेलेल्यांपैकी कोणाच्या तरी घरचं माणूस त्या गोष्टीत असलंच पाहिजे. भाचीला सांगितलं तर म्हणते, मावशी भारी आहे पण ह्यात लव्ह इंटरेस्ट कोण? म्हटलं असू दे एखादा, शेजारचा पोरगा, कागद चिकटवायला मदत करणारा. पुतळा नाही.