ट्रेलर खरा असेल तरच दाखवा

अरे काय चाललंय काय! दिवसभर राबून आलेल्या माणसाला जेवण झाल्यावर दोन मिनिटांचा ट्रेलर बघायचाय, बाकी काही मागणं नाही. ‘ब्लेड रनर’ या जुन्या विज्ञानपटावरून निघालेल्या ‘ब्लेड रनर २०९९’ या येऊ घातलेल्या मालिकेचा. शोधलं की ढीगभर सापडतात. प्रत्येकावर ठसठशीत ‘ऑफिशियल’, आणि उघडावा तो बोगस!

परवाचाच नमुना घ्या. काळोख, पाऊस, निऑन दिवे, छातीत धडकी भरवणारं ढॅण्ण. मालिकेची नायिका मिशेल योह वळून बघते. मान वळते, पण कानातलं मागेच लोंबकळत राहतं. मग मूळ सिनेमाचा नायक हॅरिसन फोर्ड येतो, वय फार तर पस्तीस. (खरा माणूस कधीच ऐंशी पार करून बसलाय.) त्याच्या हातात पिस्तूल आणि पिस्तुलाभोवती बोटं सहा! खालच्या माहितीत ‘आणखी’वर टिचकी मारली की मुंगीच्या अक्षरांत कबुली: हा केवळ कन्सेप्ट ट्रेलर आहे, म्हणजे कुणीतरी एआयकडून मनाने बनवून घेतलेला. मग वर ऑफिशियल कशाला लिहिलंस, भामट्या?

ऑफिसच्या ग्रुपवरही एकाने हाच टाकला, ‘शुक्रवारी येतंय’ म्हणून. मी बोटांभोवती लाल गोल काढून पाठवला. तर म्हणे, ‘अरे भविष्यातली माणसं आहेत ती, असतील सहा.’ यावर काय बोलणार, कपाळ?

तळपायाची आग मस्तकात का जाते सांगू? कारण ही कथाच मुळात खरा कोण आणि बनावट कोण याची आहे. १९८२च्या मूळ ‘ब्लेड रनर’मध्ये पोलिसांकडे एक यंत्र असतं. ते संशयिताच्या डोळ्यावर रोखायचं, वाळवंटात उलट्या पडलेल्या कासवाबद्दल विचारायचं आणि बुबुळ काय करतं ते बघून रेप्लिकंट, म्हणजे हुबेहूब माणसासारखा बनवलेला नकली माणूस, ओळखायचा. ते यंत्र मला आत्ता मोबाईलवर हवंय. २०२५मध्ये यूट्यूबने असल्या काही चॅनेलांची जाहिरातींची कमाई बंद केली, बरं केलं. पण हे तण उपटून संपतंय थोडंच.

आणि तो पाऊस! सिनेमाची कथा घडते लॉस एंजेलिसमध्ये. खऱ्या लॉस एंजेलिसला वर्षाला सरासरी पंधराएक इंच पाऊस पडतो. आपल्या सांताक्रूझला २६ जुलै २००५ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे त्यांच्या दोन वर्षांपेक्षा जास्त. पण सिनेमात बघावं तर सदानकदा रिपरिप. त्यालाही कारण होतं म्हणा. दिग्दर्शक रिडली स्कॉटने रस्त्यांची दृश्यं बरबँकच्या स्टुडिओतल्या जुन्या, हजारदा वापरलेल्या रस्त्यावर घेतली होती. रात्र, धूर आणि पाऊस असला की सेट उघडा पडत नाही. त्या माणसाने अडचणीतून एक अख्खं जग उभं केलं. हे आळशी लोक तोच पाऊस सहावं बोट झाकायला वापरतात, आणि तेही धड झाकता येत नाही!

बरं, खऱ्यांनी तरी काय दिवे लावलेत? मालिकेला मंजुरी मिळाली २०२२मध्ये. २०२३मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला. त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही, त्यांची मागणी रास्त होती. मग बेलफास्टला चित्रीकरण करायचा बेत मोडला, गाडं प्रागला गेलं, २०२४मध्ये चित्रीकरण झालं. आता म्हणे २०२६. मूळ ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ मालिकावाल्यांनी १९६६ ते ६९ एवढ्यात, खोट्या खडकांमागे लपतछपत, ७९ भाग काढले होते. यांना इतक्या वर्षांत झलक दाखवायला मुहूर्त मिळत नाही. तुम्ही दुकान बंद ठेवलंत की बाहेर फुटपाथवर डुप्लिकेट माल विकणारे बसणारच ना! योहबाई म्हणे आयुष्याच्या अखेरीला आलेली रेप्लिकंट करणार आहेत. तुमचं हे असंच चाललं तर त्यांच्या आधी आमचाच नंबर लागायचा.

तीस सेकंद द्या हो. बाईंचा चेहरा, त्यांच्या तोंडचं एक खरं वाक्य. मालिकेतली दुसरी नटी हंटर शेफर नुसती रस्ता ओलांडताना दाखवलीत तरी चालेल, कोरड्या रस्त्यावर चालेल. पण पोस्टर नको, लोगो नको, आणि ते ‘लवकरच’ तर अजिबात नको.