सापडलेलं घड्याळ: असली की फर्स्ट कॉपी? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, रंकाळ्यावर फिरताना सापडलेल्या रोलेक्सबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत. काटा टिकटिक न करता सरकतो, हाताला जड लागतं, नंबर नेटवर टाकला तर मॉडेल बरोबर आलं, म्हणजे माल असलीच. मग मी माझ्या लेखात मागचं झाकण उघडून बघायचं सांगून लोकांना उगाच खर्चात पाडतो, असा तुमचा आरोप. शिवाय डुप्लिकेट निघालं तर पोलिसांत कशाला द्यायचं, हा प्रश्न. यातलं काहीच मला पटलं नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी काटा. चावीच्या एच.एम.टी. जनताचा सेकंदकाटाही सरकतोच की! ते मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५. आताच्या बहुतेक रोलेक्सचं २८,८००, म्हणजे सेकंदाला ८. आणि कॉपीत बसवलेलं ऑटोमॅटिक मशीनही २८,८०० चं असू शकतं. काटा एवढंच सांगतो की आत बॅटरीचं नेहमीचं मशीन नाही. उलट टिकटिक करतं म्हणून खोटं, हेही चूक. रोलेक्सनं स्वतः १९७७ मध्ये ऑयस्टरक्वार्ट्झ हे बॅटरीवरचं घड्याळ बाजारात आणलं, आणि कार्टियर, ओमेगाची कितीतरी खरी घड्याळं बॅटरीवर चालतात. तुमच्या नियमानं कुणाचं तरी अस्सल घड्याळ पोराच्या खेळण्यात जाईल, याची मला जास्त भीती वाटते.

वजनाचं काय, स्टील कुणालाही वापरता येतं. नंबरचंही तसंच. कॉपीवाले एखादा खरा नंबर उचलून अख्ख्या लॉटवर कोरतात. तारखेवरचं भिंग खऱ्या रोलेक्समध्ये अडीच पट मोठं दाखवतं. स्वस्त कॉपीत तारीख बारीक दिसते, तिथं ती पकडली जाते. चांगल्या कॉपीत तेही जमवलेलं असतं. बाहेरची एखादी खूण चुकली तर घड्याळ खोटं म्हणता येतं. सगळ्या जुळल्या तरी खरं म्हणता येत नाही.

म्हणून झाकण. रोलेक्सच्या झाकणाच्या कडेला बारीक खाचा असतात, त्यात नेमकी बसणारी चावी लागते. पक्कड लावली की कड खरचटते, आतलं वॉशर सरकलं की पाणी शिरायची वाट मोकळी. उघडल्यावर जाणकार कारागीर दहा पटीच्या भिंगातून स्क्रूच्या खाचा, मशीनचे भाग धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या कडांचं पॉलिश आणि कोरलेली अक्षरं बघतो. नक्कल बहुतेक वेळा तिथंच उघडी पडते. पण हे काम ज्यानं खरी मशीन हाताळली आहेत त्याचंच, आणि मालकाच्या परवानगीनं. सापडलेलं घड्याळ तुम्ही स्वतः उघडू नका, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं.

केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी, सोन्याची वाटली तर गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, नेऊन कस लावू नका. ओरखडा पडेल, आणि कळेल फक्त सोन्याचं. अस्सल केसमध्ये दुसरं मशीन घातलेली घड्याळंही फिरतात.

आता पोलिसांचं. घड्याळ खरं असो वा खोटं, ते तुमचं नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती जपायची जबाबदारी येते. मालकाचा वाजवी शोध न घेता ती स्वतःची म्हणून वापरली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. कॉपी आहे म्हणून विकून टाकू म्हणाल, तर बनावट ट्रेडमार्कचा माल विकणं हा १९९९ च्या कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. आणि कॉपी असली तरी ती कुणाच्या वडिलांची आठवण असू शकते, दादा.

तुम्ही प्रतिक्रियेत पूर्ण सीरियल नंबर टाकला होता, तो मी काढलाय. ‘घड्याळ सापडलं’ अशी पोस्ट टाकाल तेव्हा नंबर, पट्ट्यावरचा ओरखडा, डायलचा रंग यातलं काहीच लिहू नका. ‘माझं आहे’ म्हणणाऱ्यानं ते सांगायचं. त्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा आणि नंबर लिहिलेली पोच मागून घ्या.